रोलर, गाढवासह

राग मानू नका मॅडम, पण तुमच्या त्या कागदावर ‘रोलर आणि गाढव’ असं लिहिलंय, की ‘रोलर, गाढवासह’ असं? — मला नका दाखवू, माझा चष्मा कुठे ठेवलाय ते चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही — तुम्हीच वाचा. ‘गाढवासह.’ हं. मी म्हटलं नव्हतं? दोघांत मिळून एक ओळ, मध्ये नुसता एक स्वल्पविराम. आता रोलर तेवढा बाहेर आहे, पाण्याच्या टाकीशेजारी, तो बघा, त्याच्यावर टकटक करा, फूटपट्टी लावा, काय ती किंमत काढा त्याची. गाढवाचं मात्र — बसा ना आधी, उभ्या का? त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय नुसता दाखवायला आहे. ह्या उलट्या बादलीवर बसा. पालिकेचीच आहे बादली, हा बघा तिचा बिल्ला. खोलीभर बिल्ले लावलेत तुमच्या लोकांनी, झारीला बिल्ला, फावड्याला बिल्ला. मागच्या खेपेला मोजणीवाले आले तेव्हा आमचे हे बागेत बाकावर आडवे झाले होते, तर बाकाचा बिल्ला ह्यांच्या पोटावर चिकटवून गेले. आणि हे असे साधे, आठवडाभर काढेनात. म्हणे, सरकारी आहे, आपण हात लावायचा नाही. अंघोळीला सुद्धा त्याच्यावर वाटी धरून बसायचे.

तर गाढव. गाढव गेलं हो मॅडम. वारलं. झोपेतच गेलं, फार चांगलं मरण आलं बिचाऱ्याला. कधी? झाले की बरेच दिवस. म्हणजे थंडी संपल्यावर आणि थंडी सुरू व्हायच्या आधी, त्या मधल्या काळात. पाणी घेता का? — ते? ते काही नाही. ते आमचे भाऊजी. मागच्या खोलीत असतात, ह्यांचे धाकटे — म्हणजे सख्खे नाहीत, पण सख्ख्यासारखेच. खोकला झालाय. त्यांचं खोकणं तसंच आहे, आधी आत ओढतात आणि मग बाहेर सोडतात, नवीन माणूस दचकतं. तुमच्या हातून पेन्सिल पडली बघा.

मी कोण म्हणालात? मी माळ्याची बायको. ह्या बागेचं गवत, झाडं, वाफे, नळ, सगळं ह्यांच्याकडे, आणि हे माझ्याकडे. तुमच्या यादीत मी नसेन, पण ह्यांच्या नेमणुकीच्या कागदावर मी आहे — ‘राहण्यास खोली, माळी, पत्नीसह’. म्हणून तर त्या ‘सह’वर माझा एवढा जीव अडकलाय. ‘सह’ लागलं की माणसाला स्वतःचं काही राहत नाही मॅडम, पुढचा जिकडे जाईल तिकडे आपण. आता रोलर शून्यावर आला. शून्यावर आलेलं जेवढं आहे तेवढं सगळं उद्या सकाळी भंगारवाला उचलणार, असं तुमच्याच ऑफिसातनं कळवलंय. मग ट्रकमध्ये काय चढणार? रोलर. आणि? ‘सह’! — म्हणजे, चढलं असतं. असतं तर. गेलं म्हणून बरं, असं म्हणायचं होतं मला.

हे शून्य काय प्रकरण आहे ते मला आधी ठाऊक नव्हतं हो. एके दिवशी तुमचे हिशेबनीस आले, ते बारीकसे, कानावर पेन्सिल ठेवणारे. चांगले आहेत, चप्पल बाहेर काढतात. दारातच उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, तुमच्या गाढवाचा घसारा पूर्ण झाला.” घसारा! मी ह्याआधी हा शब्द ऐकला नव्हता, पण घशाचंच काहीतरी असणार हे कुणालाही कळेल. मी विचारलं, “फार वाढलाय का?” ते म्हणाले, “दरवर्षी थोडा थोडा वाढतच होता, आता पूर्ण झाला.” “मग आम्हांला आधी का नाही सांगितलंत?” “सगळ्यांचाच असतो वहिनी, कोणी सांगत बसत नाही.” “तुमच्या ऑफिसातही आहे?” “ऑफिसात तर खुर्च्यांनाही आहे.” अहो, मी तोंडावर हात धरला आणि दोन पावलं मागे सरले. साथच म्हणायची की!

मग काय, गरम पाणी आणि मध सुरू केला. ह्यांचा लोकरी मफलर गाढवाच्या गळ्यात बांधला. ह्यांनी विचारलं, “आणि मी काय बांधू?” मी म्हटलं, “तुमचा घसारा निघू दे, मग बघू.” शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बिचाऱ्यांनी बॅटरी घेऊन पार जबड्यात डोकं घातलं. म्हणाले, घसा तर एखाद्या गवयासारखा आहे, घसारा कुणी सांगितला? म्हटलं, पालिकेच्या हिशेबनिसांनी. डॉक्टरांनी बॅटरी बंद केली, स्टुलावर बसले, आणि हसता हसता त्यांना असा ठसका लागला की उरलेला मध मी त्यांनाच पाजला. मग त्यांनी समजावलं — वस्तू जुनी होते, दरसाल तिची किंमत थोडी थोडी झिजवून लिहितात, त्या झिजण्याला घसारा म्हणतात. रोलर लोखंडाचा, त्याचं आयुष्य तुम्ही लोकांनी ठरवून दिलेलं. आणि गाढव त्याच ओळीत, म्हणून त्याचंही आयुष्य तेवढंच धरलं. दोघं एकाच दिवशी शून्य झाले. त्या दिवशी ते मुळा खात होतं मॅडम. त्याला पत्ताही नव्हता.

आणि तुम्हांला गंमत सांगू? ते यंत्रसामग्रीत आहे ना, म्हणून त्याच्या चाऱ्याचे पैसे ‘तेल व वंगण’ ह्या खात्यात यायचे. खरंच! ह्यांनी सही करायची, वंगण मिळालं, आणि भुशाचं पोतं घेऊन यायचं. नाल ठोकले तर ‘चाकदुरुस्ती’. एकदा त्याला माश्या फार त्रास द्यायला लागल्या तर हिशेबनिसांनी तासभर विचार करून ‘रंगकाम’मध्ये घातलं. पण शून्य झाल्यावर वंगण बंद. शून्य किमतीच्या यंत्राला वंगण कसं द्यायचं, म्हणे, वरचे विचारतील. तेव्हापासून आमच्या ताटातलंच — म्हणजे तेव्हापासून ते गेलं तोपर्यंत. आमच्या ताटातलंच. आता कोण खातंय? आता भाऊजी खातात. भुसा? भुसा का खातील भाऊजी! तुमचं काहीतरीच. ते पोतं ना, ते — उशीत भरायला आणलंय. भाऊजींना मोठी उशी लागते.

काय? मेल्याचा दाखला? गाढवाचा? — नाही हो, दाखला नाही काढला, दुःखात कुठे सुचतं? पुरलं आम्हीच, इथेच, गुलाबाच्या वाफ्यात. तो काय, खिडकीतनं दिसतो तो. — हो, लहान आहे वाफा. टॉवेलाएवढा आहे, मान्य. उभं पुरलं.

मॅडम, तुम्ही अशा बघू नका माझ्याकडे. मला खोटं बोलायची सवय नाही, गालाला लगेच रंग येतो. तुम्ही आपलं लिहा, ‘गाढव नाही’, आणि मोकळ्या व्हा. — काय म्हणालात? परत एकदा म्हणा. मेलं असेल तर ओळीतनं नुसतं कमी करणार. आणि जिवंत असतं, तर? ... तर तुम्ही ते ‘सह’ सोडवू शकला असता? वेगळी ओळ? त्याची त्याची स्वतःची? आणि त्यासाठीच तुम्ही एवढ्या उन्हात स्वतः आलात, डोळ्यांनी बघायला, नाहीतर ऑफिसात बसूनच शून्य लिहिलं असतं?

असं आहे होय.

मॅडम, तुम्ही ह्या बादलीवरनं जरा उठता का? दार ह्या बाजूला उघडतं. — या भाऊजी. या, बाहेर या. डोकं सांभाळा, चौकट खाली आहे. लाजू नका, मॅडम पालिकेच्याच आहेत.

हे बघा. हेच. मफलर काढू देत नाहीत आता, उन्हाळ्यातही. मान वाकडी करून बघतात ना, त्यावर जाऊ नका, सगळ्यांकडेच तसं बघतात, कुणाचंतरी गणित चुकलंय आणि आपल्याला कळलंय असं. — नाही, ‘भाऊजी’ हे काही मी आता तुम्हांला फसवायला नाही बनवलं. ह्यांची नेमणूक झाली आणि रोलर गाढवासह आला तो एकाच आठवड्यात. हे म्हणाले, मी आणि तो एकदमच जुंपलो गेलो, तो माझा धाकटा भाऊ. मग मी काय म्हणणार? नवऱ्याचा भाऊ तो भाऊजी. पाहुण्यांसमोर जरा गोंधळ होतो. एकदा माझ्या नणंदेनं स्थळ आणलं होतं त्यांच्यासाठी. मुलगी नोकरी करणारी होती.

खोटं बोलले ते चुकलंच माझं. पण तुम्ही ट्रक बघितलाय का तो? त्यात आधीच पालिकेच्या पाच-सहा मोडक्या खुर्च्या असतील, एक गंजका नळ असेल, आणि वर हे, मफलर बांधून. कुठे नेणार? कुणाला विचारायचं, कुठे नेलं म्हणून? शून्याची चौकशी कोण करतंय?

काम? करतात ना काम! रोज सकाळी रोलर ओढतात, गवत कसं गालिच्यासारखं बसलंय बघा. ह्या वयात सुद्धा न चुकता. सकाळी उजाडलं की पट्टा खांद्यावर घ्यायचा, वाकायचं, आणि — काय दिसतंय तुम्हांला खिडकीतनं? ... बुटांचे ठसे? रोलरच्या पुढे? असतील. बागेत माणसं येतात-जातात. — पट्ट्याच्या मापाचं काय? हो, लहानच आहे तो पट्टा. भाऊजींच्या मानेत जात नाही, बरोबर आहे. मफलर आहे ना, म्हणून जात नाही. मॅडम, तुमचं लक्ष फार बारीक आहे. नवऱ्याला त्रास होत असेल तुमच्या. लग्न झालंय ना?

बरं, सांगते. हे ओढतात. आमचे हे. भाऊजींचे गुडघे गेले आणि हे म्हणाले, कुणाला कळलं की हा काम करत नाही, तर आधी वंगण जाईल आणि मग हा जाईल. मग हेच पहाटे उठून पट्टा घालायला लागले. वंगण तरीही गेलं ते गेलंच, पण ह्यांना आता थांबवत नाही. भाऊजी शेजारनं चालतात, सोबत म्हणून. वळण आलं की आधी हे वळतात आणि मग भाऊजी. एकदा नुसती बघत बसले होते तर मला क्षणभर कळेना, दोघांतला माझा कुठला. रात्री पाठीला तेल लावते, तर हे म्हणतात, “हे तेल कुठल्या खात्यातलं गं?” हसतात आणि कण्हतात, दोन्ही एकदम. तुम्ही मला विचारलंत ना मघाशी, रोलरबरोबर आणखी काय काय आहे? खरं सांगायचं तर त्या रोलरचं ‘सह’ भाऊजी नाहीतच आता. माझा नवरा आहे.

हे लिहू नका हं! हे यादीत घालू नका. उद्या ह्यांनाच ट्रकमध्ये घालतील, बिल्ला तर एकदा लागलेलाच आहे.

आता मी एक विचारू? लहान तोंडी मोठा घास होईल, पण विचारते. तो बँडचा चौथरा आहे ना, मधोमध, गोल छपराचा? त्याच्यावर बँड वाजल्याचं कुणाला आठवत नाही. छप्पर गळतं, कबुतरं बसतात. तर त्याची किंमत काय लिहिली आहे तुमच्याकडे? एक. नुसता एक. आणि घसारा नाही, भंगार नाही, दरवर्षी देखभाल मात्र ठरलेली. मी हिशेबनिसांना म्हटलं, एकच? एवढा मोठा चौथरा, आणि एक? तर म्हणाले, “वहिनी, तो वारसा आहे. ज्याची किंमत करता येत नाही त्याची एक लिहायची. शून्य लिहिलं तर हरवतं, आणि जास्त लिहिलं तर कुणीतरी विकतं.” मला एवढं पटलं ते. माझ्या आईनंही माझ्याबाबतीत साधारण असंच केलं होतं, चार लोकांत कधी कौतुक नाही आणि कधी वाईटही बोलली नाही.

तसंच ते दगडी घड्याळ, सावलीचं. त्याच्यावर आता एवढं मोठं झाड वाढलंय की दिवसभर सावलीच सावली, वेळ काही कळत नाही. तेही वारसा. एक. मग मला सांगा, न वाजणारा चौथरा वारसा, न चालणारं घड्याळ वारसा, तर न ओढणारं गाढव का नाही?

त्याचा उपयोग काय, म्हणता? निवृत्त पोस्टमन येतात रोज, त्यांना दिसेनासं झालंय तरी पेपर हातात धरून आठवणीतलाच पेपर वाचून दाखवतात. भाऊजी ऐकतात. मध्येच ‘हे कालच सांगितलंत’ असं म्हणत नाहीत. त्या कोपऱ्यातल्या बाकावर जोडपी येऊन भांडतात, तर हे जाऊन दोघांच्या मध्ये उभे राहतात आणि हलत नाहीत, मग एकमेकांचं तोंड बघायला त्यांना वाकावं लागतं आणि वाकलं की हसू येतं. बरीच लग्नं टिकलीत ह्या बागेत. आणि कुणाला सांगू नका, पण नगराध्यक्ष भाषण पाठ करायला इथेच येतात, मागच्या दारानं. म्हणतात, हा टाळ्या वाजवत नाही, पण उठूनही जात नाही, सभागृहात एवढंही कुणी करत नाही. ह्याला काय म्हणायचं मॅडम? यंत्रसामग्री?

भाऊजी, मॅडमच्या पिशवीचा पट्टा सोडा. सोडा म्हणते ना! त्यांना चामडं दिसलं की राहवत नाही, आणि पुठ्ठा तर फारच आवडतो, पहिला बिल्ला पुठ्ठ्याचा होता तो त्यांनी स्वतःच खाल्ला, म्हणून तर तुमच्या मोजणीत सापडत नव्हते. आता पत्र्याचे आलेत ते बरं झालं.

खोडरबर? आहे, माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. हा घ्या, एका बाजूनं जरा मेणचट झालाय. — काय खोडताय? मॅडम, रोलर खोडताय की गाढव? मला इथनं दिसत नाही. चष्मा — अगं बाई, चष्मा डोक्यावरच होता. नाही, नको, मी बघतच नाही. मी खिडकीकडे तोंड करते. शाळेत बाई वही तपासताना समोर उभं राहिल्यासारखं वाटतंय मला. एवढंच सांगते, रोलर नेऊ द्या, खुशाल नेऊ द्या, आजच नेऊ द्या. गवत थोडं वाढेल, वाढू दे, भाऊजी खातील. पण ह्यांची पाठ —

दोरी? दोरी कशाला? ... जाड की बारीक? बारीक. ही घ्या. ही नाडीची आहे पण धुतलेली आहे. — पत्र्याचा बिल्ला? ओवून? कुणाच्या — अहो, मान खाली करा भाऊजी, खाली करा, कान आड येतोय. मफलरच्या वर नको मॅडम, खाली, नाहीतर गार लागेल पत्रा.

नाही, रडत नाहीये मी. मला घसारा झालाय.

जा आता तुम्ही. चहाला थांबू नका, हे येतील आणि तुम्हांला बघून परत पट्टा घालून दाखवत बसतील, तुमच्यासमोर वाकून उभे राहतील, माझंच चुकेल मग. त्या बाजूनं जा, गुलाबाचा वाफा तेवढा तुडवू नका — तिथे कुणी नाही, माहीत आहे मला, पण गुलाब आहेत. आणि तो नंबर काय घातलात हो बिल्ल्यावर? चौथऱ्याच्या नंबरच्या पुढचा, की रोलरच्या? ... नाही, नका सांगू. भाऊजी, तुम्ही खोकू नका आता. गप्प बसा. मीही बसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याचा ट्रक आला आणि रोलर घेऊन गेला, गाढवाशिवाय.